सामन्याआधीची शिदोरी : राजूर ते नगर

आषाढ लागला की अकोले तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यात दोन कामांची घाई एकदम येते. एक भाताच्या लावणीची आणि दुसरी शाळेच्या सामन्यांची. लावणी थांबत नाही, कारण रोप जून झाले की उतारा घटतो. सामनेही थांबत नाहीत, कारण तारीख जिल्ह्याच्या गावाहून ठरून येते. या दोन घाईंच्या मधे सापडतात ती आमची पोरे. सकाळी चिखलात लावणी, संध्याकाळी त्याच चिखलात चेंडू.

मी पंचायत समितीकडचा विस्तार अधिकारी, शेतीखात्याचा माणूस. राहुरीच्या कृषी विद्यापीठातून बी.एस्सी. झालो त्याला आता तीस वर्षे होऊन गेली. बियाणे, बीजप्रक्रिया, खताचा हप्ता हे माझे बोलण्याचे विषय. फुटबॉलशी माझा काडीचा संबंध नव्हता. तो राजूरजवळच्या एका माध्यमिक शाळेतल्या क्रीडाशिक्षकांनी जोडून दिला. एकदा बांधावर गाठून ते म्हणाले, "भाऊसाहेब, पिकाला कधी काय द्यायचं ते तुम्ही साऱ्या गावाला सांगता. माझ्या पोरांना सामन्याआधी काय द्यायचं तेवढं सांगा की."

मी हसलो. पण तो प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता हे कळायला मला चार वेळा नगरची वारी करावी लागली. त्या चार प्रवासांची ही हकीगत आहे. ज्यांच्या घरी कबड्डी, खो-खो, कुस्ती किंवा धावण्याच्या शर्यतीला जाणारी मुले-मुली आहेत त्यांनी ती आपल्या घरचीच समजून वाचावी.

चेंडू गावात आला

आमच्याकडचे खेळ म्हणजे कबड्डी, खो-खो आणि जत्रेतली कुस्ती. फुटबॉल आला तो २०१७ साली. त्या वर्षी ऑक्टोबरात सतरा वर्षांखालील मुलांची फुटबॉलची जागतिक स्पर्धा आपल्या देशात भरली. काही सामने नवी मुंबईला झाले. त्याआधी १५ सप्टेंबरला सरकारने महाराष्ट्रभर शाळाशाळांतून फुटबॉलचा दिवस साजरा केला. राज्यातल्या दहा लाख मुलांनी त्या दिवशी चेंडूला पाय लावावा असा संकल्प होता. शाळांना चेंडू मिळाले. पुष्कळ ठिकाणी ते नंतर कपाटात गेले. आमच्या शाळेतले गेले नाहीत, कारण सरांनी कपाटाला कुलूपच लावले नाही.

डोंगरातली पोरे दमसासाची पक्की. शाळेला येता-जाता चढउतार, जनावरांमागे रानभर पळणे. वर्षभरात त्यांचा बरा संघ उभा राहिला आणि २०१८ साली पहिल्यांदा जिल्ह्याच्या सामन्यांना निघाला.

मला त्या दिवशी जिल्हा परिषदेत काम होते. सर म्हणाले, "आमच्याच जीपमधून चला." मी बसलो.

पहिली वारी : रिकाम्या पोटी

राजूर ते नगर हा रस्ता सव्वाशे किलोमीटरच्या पुढे भरतो. नकाशात हा एकच जिल्हा, पण क्षेत्रफळाने महाराष्ट्रात सगळ्यांत मोठा. २०२४ साली त्याचे नाव अहमदनगरचे अहिल्यानगर झाले. आमच्या तोंडी मात्र अजून 'नगर' हेच बसलेले आहे. या जिल्ह्याच्या एका टोकाला कळसूबाईचे १,६४६ मीटरचे शिखर आणि भंडारदऱ्याचा धो-धो पाऊस, तर दुसऱ्या टोकाला ज्वारी-बाजरीची कोरडी माळराने. आषाढात राजूरला घोंगडीशिवाय बाहेर पडता येत नाही आणि त्याच दिवशी नगरला डोक्यावर ऊन तापते.

पहाटे चारला निघालो. विठा घाटात समोरचे दिसत नव्हते. अकोले आले, संगमनेर आले, आणि उजाडता उजाडता आम्ही उसाच्या मुलखात शिरलो. कोल्हार-घोटी रस्त्याचा हा भाग. रतनगडाजवळ उगम पावणारी प्रवरा भंडारदऱ्याच्या १९२६ सालच्या धरणातून सुटते आणि या रस्त्याच्या बाजूबाजूने खाली येते. तिच्या पाण्यावर हा सगळा मुलूख पोसला. लोणीला विठ्ठलराव विखे पाटील यांनी धनंजयराव गाडगीळ यांच्या साथीने शेतकऱ्यांचा सहकारी साखर कारखाना उभा केला, त्याचा पहिला गळीत हंगाम १९५० सालचा. पुढे राहात्याकडचे पेरू, मग डाळिंबाच्या बागा, दुधाचे कॅन घेऊन उभी असलेली माणसे. सगळीकडे खायचे आणि प्यायचेच पीक.

आणि या भरल्या मुलखातून जाणारी आमची अठरा पोरे उपाशी होती.

घरून कुणीच काही खाऊन निघाले नव्हते. "इतक्या पहाटे घास उतरतो का?" असे आया म्हणाल्या, आणि त्यांचेही खरे होते. सहाच्या सुमारास एका टपरीवर जीप थांबल्या. प्रत्येकाने दोन-दोन वडापाव आणि कपभर चहा घेतला. नंतर काही नाही. अकराचा सामना बारा वाजून गेल्यावर सुरू झाला. पहिला अर्धा भाग पोरे वाऱ्यासारखी खेळली. मध्यंतरानंतर पाय उचलेनात. पोटऱ्यांत गोळे येऊन दोघे बसले. चार गोल खाऊन आम्ही परत निघालो. येताना जीपमध्ये कुणी बोलत नव्हते. एक पोरगा तेवढा पुटपुटला, "सर, दम होता हो. पायच ऐकत नव्हते."

दुसरी वारी : खुराकाची

पोरे उपाशी खेळली ही बातमी गावात पसरली. झाले, सगळ्यांनाच लाज वाटली. गावात जुने पहिलवान आहेत. त्यांनी २०१९ साली कारभार हातात घेतला. "खेळाडूला खुराक पाहिजे," हे त्यांचे म्हणणे. तालमीतल्या माणसाचे दूध, तूप, बदाम सगळ्यांनी ऐकलेले होतेच. डेअरीवाल्याने दूध दिले, एकाने तूप दिले, कुणी अंडी दिली. नगरला पोचल्यावर सकाळी दहाला पोरांना तुपात थबथबलेला शिरा, दोन-दोन उकडलेली अंडी आणि तांब्याभर दूध असा नाश्ता दिला. सामना अकराला होता.

त्यात प्रेम किती होते ते मी पाहिले आहे. पण सामना सुरू होऊन पंधरा मिनिटे होत नाहीत तोच एक पोरगा कडेला जाऊन ओकला. त्याच्यामागून दुसरा. बाकीचे पोट धरून चालत होते. गेल्या वर्षी पाय ऐकत नव्हते, या वर्षी पोट ऐकेना.

मग मी जरा वाचायला बसलो. गृहविज्ञान शिकलेल्या एका भगिनीलाही विचारले. कळले ते असे. तूप, तळण, मोठ्या प्रमाणात दूध आणि अंडी हे चांगलेच अन्न आहे, पण ते पोटात रेंगाळते. अंगाला लागायला त्याला वेळ हवा. पळायला जी ताकद लागते ती स्नायूंत साठलेल्या साखरेतून येते, आणि ती साखर भात, भाकरी, पोळी, केळी, गूळ अशा पिष्टमय व गोड पदार्थांपासून बनते. हा साठा तास-दीड तास जोरात खेळले की संपत येतो. म्हणून सामन्याआधी तो भरलेला पाहिजे आणि पोट मात्र हलके पाहिजे.

आमचे पहिलवान चुकले म्हणून त्यांना हसू नये. इंग्लंडसारख्या फुटबॉलच्या माहेरघरी कित्येक वर्षे खेळाडू सामन्याआधी मांसाचा मोठा तुकडा खाऊन मैदानात उतरत. मांसाने ताकद येते अशी तिकडेही समजूत होती. १९९६ साली आर्सेन वेंगर नावाचे फ्रेंच प्रशिक्षक लंडनच्या आर्सेनल संघाकडे आले. त्यांनी खेळाडूंचे खाणेपिणे बदलून साध्या, हलक्या जेवणावर आणले, तेव्हा तिथेही सुरुवातीला कुरकूर झाली होती.

शेतकऱ्याला ही गोष्ट एका वाक्यात कळेल. शेणखत हे खतच, पण ते पेरणीच्या आधी रानात मिसळायचे असते. पीक फुलोऱ्यात असताना त्याच्या बुंध्याशी ढीग घालून त्या आठवड्यात काही हाती लागत नाही. खुराक हे वर्षभराचे शेणखत आहे. सामन्याआधीचा घास वेगळा.

तिसरी वारी : कागद बरोबर, हिशेब चुकला

२०२० आणि २०२१ ही दोन वर्षे करोनात गेली. २०२२ साली शाळेने पहिल्यांदा मुलींचा संघ उतरवला. या वेळी मी आणि सरांनी मिळून खाण्याचा तक्ता केला. पहाटेपासून मध्यंतरापर्यंत सगळे वेळेवारी लिहिले. तो तक्ता पुढे देतोच. त्याप्रमाणे सगळे नीट पारही पडले. मुलींना मळमळ नाही, पोटात कळ नाही. मी मनातून खूश होतो.

सामना सुरू होऊन वीस मिनिटे झाली आणि मधल्या फळीत खेळणारी आमची सगळ्यांत चपळ मुलगी उभी होती तिथेच बसली आणि आडवी झाली. ओठ पांढरे, हात गार. सावलीत नेले, पाय वर धरले, तोंडावर पाणी मारले. दोन मिनिटांत तिने डोळे उघडले. पण ती दोन मिनिटे मला अजून आठवतात. तिच्या बापाने जीपमध्ये बसताना माझ्याकडे बघून म्हटले होते, "भाऊसाहेब आहेत, मग काळजी नाही."

दवाखान्यातून आल्यावर मी तिला विचारले, "बाई, काल रात्री काय जेवलीस?"

ती खाली बघून म्हणाली, "जेवले नाही काका. लावणीवरून यायला अंधार झाला. सैपाक केला, सगळ्यांना वाढलं. भात थोडाच उरला होता. तो आईला ठेवला अन् झोपले."

"आणि दुपारी?"

"वावरात भाकर खाल्ली. चहा घेतला."

आदल्या दिवशी सकाळी सातपासून ती कमरेत वाकून रोप लावत होती. माझा तक्ता पहाटे चारला सुरू होत होता. तिची भूक त्याच्या किती तरी आधी सुरू झाली होती. पुढे प्राथमिक आरोग्य केंद्रात तिचे रक्त तपासले तेव्हा हिमोग्लोबिन नऊच्याही खाली निघाले. या वयाच्या मुलीचे ते निदान बारा असायला हवे.

ही काही एका घराची गोष्ट नाही. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते १९ वर्षांच्या दर शंभर मुलींत ५९ जणींच्या अंगात रक्त कमी आढळले. त्यात आणखी एक मेख आहे. शाळेतले दुपारचे जेवण आठवीपर्यंत मिळते. नववीत गेले की ते बंद. नेमके त्याच वयात हाडपेर वाढते, मुलींना पाळी येते, आणि घरचे कामही त्यांच्या अंगावर पडते.

आजीशी झालेले बोलणे

आठवड्याने मी तिच्या घरी गेलो. ओसरीवर आजी नागली पाखडत होत्या. मी गोष्ट काढली तशा त्या म्हणाल्या, "आमी बी असंच जेवलो की भाऊसाहेब. बायामाणसांनी मागून जेवायचं. त्यात काय झालं?"

वाद घालून उपयोग नव्हता. दावणीला त्यांचा डांगी बैल उभा होता. राजूरला डिसेंबरात डांगी जनावरांचे प्रदर्शन भरते, लांबलांबची माणसे बघायला येतात. मी विचारले, "आजी, प्रदर्शनाला बैल न्यायचा तर त्याला आदल्या रात्री पेंड चारून भागतं का?"

आजी हसल्या. "याड लागलंय का? दिवाळीच्या आधीपासून धरावं लागतं त्याला. कामाला बी जपून जुंपायचं."

"आणि नातीला जिल्ह्याला न्यायची तर?"

त्या बोलल्या नाहीत. सूप खाली ठेवले. मुलीची तुलना बैलाशी केली म्हणून भगिनींनी माझ्यावर रागावू नये. त्या ओसरीवर दुसरे काही सुचले नाही, आणि खरे सांगायचे तर आपल्याकडे बैलाची भूक घरधन्याला लवकर दिसते.

सरांनी मग आयांची बैठक घेतली. तीन गोष्टी ठरल्या. एक, खेळणाऱ्या मुलीने घरातल्या पहिल्या पंगतीला बसायचे. दोन, सामन्याच्या आदल्या दिवशी तिला लावणीला न्यायचे नाही. तिच्या वाट्याचे काम सावडीतल्या बायांनी वाटून घ्यायचे. तीन, शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची गोळी जेवणानंतर घ्यायची, कागदात गुंडाळून खिडकीत ठेवायची नाही.

रक्त वाढवणारे अन्न घरात किंवा बाजारात आहेच. हिरव्या पालेभाज्या, शेवग्याचा पाला, मटकी-हुलग्याची उसळ, जमत असेल तिथे अंडी, मासे आणि मटण. बाजरी घेताना 'धनशक्ती' या वाणाची चौकशी करावी. हैदराबादजवळची इक्रिसॅट ही संस्था आणि आपले राहुरीचे विद्यापीठ यांनी मिळून तो काढला, २०१२ साली महाराष्ट्रात प्रसारित झाला. त्याच्या किलोभर दाण्यात सुमारे ७१ मिलिग्रॅम लोह असते, नेहमीच्या वाणांपेक्षा ते बरेच जास्त आहे. आमची नागली हाडांसाठी फार चांगली. शंभर ग्रॅम नागलीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास चुना, म्हणजे कॅल्शियम असते. जेवताना लिंबू पिळावे, त्याने लोह अंगी लागते. जेवणाबरोबर चहा घेऊ नये, त्याने ते वाया जाते. चहा तास-दीड तासाने प्यावा.

चौथी वारी : दशमीची

२०२३ साली मुली पुन्हा निघाल्या. न्यायचे काय हा प्रश्न होता. भात नेला तर पहाटे तीनला शिजवून डब्यात कोंबलेला भात तापल्या जीपमध्ये बिघडण्याची भीती. विकतचे खायचे तर तळण आले. तेव्हा त्याच आजींनी तोड काढली. "दशम्या करा की. वारीला जाताना आमी काय नेत होतो?"

त्र्यंबकेश्वराहून निघणारी निवृत्तीनाथांची पालखी नगरवरूनच पंढरपूरला जाते. वाटेवरच्या माणसाची शिदोरी कशी असावी हे या जिल्ह्याला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. ज्वारीचे पीठ दुधात भिजवून, चिमूटभर मीठ आणि थोडा गूळ घालून केलेली दशमी मऊ राहते, दुसऱ्या दिवशीही खाता येते, पोटाला जड होत नाही. आम्ही ती आधी तीन रविवार सरावाच्या आधी खाऊन पाहिली. सामन्याच्या दिवशी नवा पदार्थ पोटात घालायचा नाही हा नियमच आहे.

आदल्या रात्री सगळ्या मुली आठच्या आत जेवल्या. भात, वरण, भाजी, चमचाभर तूप, ज्यांच्याकडे होते त्यांना अंडे. नऊला झोप. पहाटे चारला उठल्यावर कपभर नागलीची पातळ पेज, मीठ घालून. घास उतरत नाही अशा वेळी पेज उतरते. साडेचारला जीप हलल्या.

घाटात पाऊस होताच. संगमनेरला तो रिमझिम झाला आणि लोणी मागे पडेपर्यंत थांबलाही. साडेसातला कोल्हारला उतरलो. इथे कोल्हार-घोटी रस्ता नगर-मनमाड रस्त्याला मिळतो. पलीकडे भगवतीपूरचे देवीचे देऊळ, आणि पुलाखालून आपली प्रवरा. डोंगरात खळाळणारी नदी इथे संथ, रुंद होऊन जाते. पुढे ती नेवाशाकडे गोदावरीला मिळायला जाते आणि आम्ही नगरकडे वळतो. मुली काठाकडे बघत एका झाडाखाली बसल्या. प्रत्येकीला दोन दशम्या, वाटीभर दही, गुळाचा खडा. सामन्याला साडेतीन तास होते. गेल्या वर्षी पडलेली मुलगीही होती. तिने तिसरी दशमी मागितली. सरांनी माझ्याकडे पाहिले. मी अर्धी दिली.

तिथून राहुरी. विद्यापीठाच्या कमानीसमोरून जाताना मी मुलींना म्हटले, "इथं मी शिकलो." एकीने विचारले, "काका, इथं मुली शिकतात का?" म्हटले, "शिकतात की, आणि शिकवतातही." पुढे मुळेच्या पाण्याचा हिरवा पट्टा सरतो, रान उघडे होते, विळद घाट लागतो. एवढ्यात अंगावरचे स्वेटर उतरलेले असतात. पहाटेच्या गारठ्यात तहान लागत नाही, म्हणून डोंगरातली मुले पाणी पीत नाहीत आणि नगरच्या उन्हात एकदम सुकतात. हे ध्यानात ठेवून राहुरीपासून दर अर्ध्या तासाला प्रत्येकीला अर्धा पेला पाणी पाजत होतो.

साडेनऊला नगर. भुईकोट किल्ला, लष्कराची छावणी, जुन्या मिशनच्या शाळा. नगरच्या खेळाडूंना वाडिया पार्कचे क्रीडा संकुल माहीत आहेच. २०२५ साली महाराष्ट्र केसरीच्या कुस्त्या तिथेच झाल्या. डोंगरातल्या मुली एवढे मोठे गाव बघून गप्प झाल्या होत्या. दहाच्या सुमारास एकेक केळे दिले. मग बूट बांधायला सांगितले.

पहिला सामना आम्ही एका गोलने जिंकलो. दुसरा हरलो. समोरच्या मुली खेळात सरस होत्या, ते मान्य केले पाहिजे. पण शेवटची शिट्टी होईपर्यंत आमच्या अकराच्या अकराजणी पळत होत्या. मागच्या वर्षी जी मैदानात आडवी झाली होती ती शेवटच्या मिनिटाला स्वतःच्या गोलापासून समोरच्या गोलापर्यंत चेंडूमागे धावली. चेंडू बाहेर गेला. ती कमरेवर हात ठेवून हसत उभी राहिली.

तक्ता

आता तो तक्ता. सामना सकाळी अकराला धरला आहे. वेळ बदलली तर त्या हिशेबाने सगळे पुढे-मागे सरकवावे.

आदल्या दिवशी : शेतातले जड काम नाही. दिवसभर पाणी भरपूर. रात्री आठच्या आत पोटभर भात किंवा भाकरी, वरण, भाजी. फार तिखट व तळलेले नको.

पहाटे उठल्यावर : कपभर पेज किंवा आंबील. जमल्यास गूळ-भाकरीचे चार घास. नुसत्या चहावर घराबाहेर पडू देऊ नये.

तीन ते साडेतीन तास आधी : मुख्य न्याहारी. वजनाच्या दर किलोला दोन ते अडीच ग्रॅम पिष्टमय अन्न पोटात जावे. चाळीस किलोच्या मुलीला ते ८० ते १०० ग्रॅम झाले. सत्तर-सत्तर ग्रॅम पिठाच्या दोन दशम्यांत ते भागते. सोबत दही. हरभरा, मटकी, चवळी या वेळी नको, पोटात वारा धरतो. तळण, फरसाण, तुपाचा शिरा नको.

तास-दीड तास आधी : एक केळे किंवा गुळाचा खडा आणि थोडे पाणी. यानंतर जड काही नाही.

मध्यंतरात : लिंबाचे सरबत घोटघोट. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, वर लिंबू. पेलाभर पाणी एकदम ढोसू देऊ नये.

खेळ संपल्यावर : तासाभरात खाणे. एक केळे, शेंगदाणा-गुळाचा लाडू. पुढचे जेवण पोटभर, आणि त्यात उसळ, अंडी, दूध काय असेल ते. खुराकाची जागा ही.

सोळा खेळाडू आणि दोन मोठी माणसे यांना आम्ही नेले ते असे : तीन किलो ज्वारीच्या पिठाच्या चाळीस दशम्या, तीन लिटर दही, किलोभर गूळ, तीन डझन केळी, पंधरा लिंबे, साखर-मीठ, आणि चाळीस लिटर उकळून गाळलेले पाणी. पीठ, दही आणि गूळ घरोघरून जमले. विकत घेतली ती फक्त केळी आणि लिंबे.

दुसरा सामना त्याच दिवशी असेल तर मधल्या वेळेत जेवण घालू नये. केळे, गूळ, सरबत एवढ्यावर भागवावे. ज्या मुलीला चक्कर येते, धाप लागते, जिचे नख आणि पापणी आतून पांढरट दिसते, तिला आधी आरोग्य केंद्रात न्यावे. तिच्यावर तक्ता हा उपाय नाही.

बंधुभगिनींनो, हा तक्ता कापून चुलीजवळच्या भिंतीला लावावा असे मी सांगणार आहे. पण तो लावताना पहिल्या ओळीकडे नीट बघा. ती आदल्या दिवसाची आहे. आम्ही पहाटेचे बघत राहिलो आणि एक मुलगी मैदानात पडली, तेव्हा आम्हाला ती ओळ सुचली.

परवा लावणीच्या दिवसांत पुन्हा त्या घरावरून गेलो. नात आता तालुक्याच्या गावी कॉलेजात जाते, सुटीला आली होती. ओसरीवर ताटे मांडली होती. आजी आतून म्हणाल्या, "भाऊसाहेब, जेवायलाच बसा. पोरी बसल्यात, त्यांच्या पंगतीला बसा." मी हातपाय धुऊन बसलो.